फटफटीच्या चेनची निगा



या पानावर आम्ही शेतकी खात्याची मंडळी एरवी बेणेमळा, खताचे हप्ते, हुमणी, खोडव्यातले पाचट असल्याच गोष्टी लिहीत असतो. या अंकात जरा बाजूचा विषय घेतला आहे, तो म्हणजे मोटारसायकलची चेन. "शेतकी ऑफिसरला ही मेकॅनिकची उठाठेव कशाला?" असे कोणी म्हणेल, आणि म्हणणाऱ्याचे अगदीच चुकते असेही नाही. परंतु गट ऑफिसच्या दारात ज्या गाड्या रोज उभ्या राहतात त्यांच्याकडे बघितले म्हणजे राहवत नाही. इंजिन धडधाकट, टायर नवे, सीटला नवे कव्हर, आणि चेन बघावी तर तांबडा गंज नाहीतर काळा चिकट गोळा, दोहोंपैकी एक ठरलेले.

एक काळ होता, गावात एखाद्याकडे राजदूत किंवा येझदी असायची आणि ती आली की पोरे मागे धावायची. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० निघाली. थोड्या पेट्रोलात लांब जाणारी गाडी म्हणून ती आणि तिच्या पाठोपाठच्या गाड्या खेड्यापाड्यांत पसरल्या. आज मोटारसायकल हे शेतीचे अवजारच झाले आहे. सकाळी डेअरीला दुधाचे कॅन, दुपारी सोसायटीतून युरियाची ४५ किलोची पिशवी, संध्याकाळी वाढ्यांचा भारा, आणि रात्रपाळीची वीज आली की मध्यरात्री मोटर चालू करायला हीच गाडी. रस्ता म्हणाल तर पावसाळ्यात चिखल आणि हंगामात ट्रॉल्यांनी केलेला घोटाभर फुफाटा. शहरातला माणूस डांबरी रस्त्यावरून कचेरीत जातो, त्याच्या चेनची आणि आपल्या चेनची बरोबरी होऊच शकत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात चेनच्या निगेची जी मुदत दिलेली असते ती चांगल्या रस्त्याची धरून चालावे. आपल्याकडे त्याच्या निम्म्या मुदतीत हात फिरवावा लागतो.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना वंगणाचे महत्त्व नव्याने सांगायला नको. कणा कुरकुरायला लागला की गाडीवान रस्त्यातच गाडी उभी करून वंगण घालायचा. बैलाला ओढ जड जाते हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. मोटारसायकलचा बैल म्हणजे इंजिन, ते टाकीत झाकलेल्या पेट्रोलवर चालते. त्याला ओढ जड गेली तरी ते मान टाकत नाही, थोडे पेट्रोल जास्त पिते इतकेच. म्हणून आपले दुर्लक्ष होते.

आपल्या कारखान्याचेच बघा. गव्हाणीत मोळी पडल्यापासून ऊस पुढे नेतो तो कॅरियर चेनवरच चालतो. ती चेन तुटली की गाळप थांबले. म्हणून हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगमध्ये त्या चेनची कडी न् कडी तपासतात, झिजलेल्या पिना बदलतात. हंगाम सुरू असताना तिची मोडतोड परवडत नाही हे तिथल्या प्रत्येक फिटरला माहीत असते. आपल्या गाडीची चेन तिचीच धाकटी बहीण समजा.

चेन लांबते म्हणजे काय होते?

"साहेब, नवी चेन टाकून वरीस झालं न्हाई, तवर ताणली बघा," ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. यातला "ताणली" हा शब्द आधी काढून टाकू. चेनच्या पट्ट्या पोलादाच्या असतात, त्या रबरासारख्या ताणत नाहीत. चेन लांब होते ती झिजून. कशी, ते नीट समजले की बाकीचे सारे आपोआप समजते.

चेनची एक कडी हातात घेऊन बघा. दोन बाजूंना दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती एक पोकळ नळी म्हणजे बुश, आणि बुशाभोवती मोकळा फिरणारा रोलर. ही रचना १८८० साली हान्स रेनॉल्ड नावाच्या मूळच्या स्विस इंजिनिअरने इंग्लंडात मँचेस्टरला बसवली. तिच्यात मुळातून बदल करावा असे आजपर्यंत कोणाला वाटलेले नाही. रोलर स्प्रॉकेटच्या दातावर बसतो, तो सगळ्यांना दिसतो. पण खरी घासण आत होते, पिन आणि बुश यांच्यामध्ये. चेन स्प्रॉकेटवर चढताना कडी वाकते, उतरताना सरळ होते, आणि प्रत्येक वेळी पिन बुशात थोडी फिरते.

किती वेळा फिरते याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात, मागच्याला ४२ दात, चेन १०४ कड्यांची आणि मागच्या चाकाचा घेर १.८५ मीटर. एका किलोमीटरला चाक ५४० फेरे घेते. तेवढ्यात चेन पूर्ण २१८ वेळा फिरते. एका फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा हलतो, दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. म्हणजे किलोमीटरमागे साडेआठशेच्या वर हालचाली झाल्या. दिवसाकाठी २० किलोमीटर गाडी फिरली तर प्रत्येक सांधा सतरा हजार वेळा हलला, आणि असे १०४ सांधे. त्या फटीत तेल असले तर पिन तेलावर फिरते. तेल संपून तिथे बारीक माती गेली तर तीच पिन पॉलिश पेपरवर घासल्यासारखी होते.

आता लांबीचे बघू. पुष्कळ गाड्यांच्या चेनवर ४२८ हा आकडा ठोकलेला असतो. त्यातला पहिला ४ म्हणजे एका पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंतचे अंतर अष्टमांश इंचात. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. प्रत्येक सांधा मिलिमीटरचा फक्त दहावा भाग झिजला, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा, तरी १०४ सांध्यांचे मिळून एक सेंटिमीटर होते. तुम्हाला चेन सैल लागते ती याच एका सेंटिमीटरामुळे. लोंबणारी चेन बघून आपण मागचे चाक मागे ओढतो आणि काम झाले म्हणतो. झीज मात्र आहे तिथेच राहते, उलट वाढत जाते.

हे लक्षात आले म्हणजे चेनवर बाहेरून थापलेल्या ग्रीसचा उपयोग किती, हेही कळते. घट्ट ग्रीस पिन आणि बुशामधल्या फटीत शिरत नाही. ते पट्ट्यांवर बसते आणि रस्त्यावरचा फुफाटा गोळा करते. बघणाऱ्याला चेन ओली दिसते, आत ती कोरडी ठणठणीत असते. पिकाच्या मुळाशी पाणी न देता पानांवर शिंपडावे, तशातली ही गत.

जळक्या ऑइलविषयीही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण आपल्या भागात नव्वद टक्के चेनांना तेच मिळते असे म्हटले तर कोणी भांडायला येणार नाही. गाडीचे इंजिन ऑइल बदलले की जुने बाटलीत भरून ठेवायचे आणि चेनवर ओतायचे. फुकटचे आहे, टाकून का द्यायचे, हा विचार मला समजतो. परंतु ते इंजिनातून काढले कशासाठी? त्यात काजळी साठली, इंजिनातल्या धातूची बारीक घस साठली म्हणूनच ना? तीच घस आपण चेनच्या सांध्यांत सोडतो. शिवाय ते पातळ असते, पहिल्या पाच मैलांत उडून चाकाच्या रिमवर आणि मागे बसणाराच्या कपड्यांवर जाते. गंजलेल्या कोरड्या चेनपेक्षा जळके ऑइल बरे, याहून अधिक कौतुक मी त्याचे करणार नाही.

दुसरा शत्रू खत. युरियाची किंवा पोटॅशची पिशवी कॅरियरवर बांधली की शिवणीतून थोडे खत खाली गळतेच. आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खायच्या मिठाचाच सख्खा भाऊ. ते हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. खत वाहून आणल्यावर चेन आणि रिम कोरड्या फडक्याने पुसून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे, पण खताच्या दिवसांत ते चुकवू नका.

तिसरा शत्रू आपण हौसेने आणतो. फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुणे. चिखल झटक्यात निघतो यात शंका नाही. पण तो जोराचा फवारा जवळून चेनवर आणि चाकाच्या मध्यावर मारला तर पाणी सांध्यांत आणि बेअरिंगमध्ये शिरते, आणि होते ते तेल धुऊन निघते. धुवायचेच तर चेनवर नळी लांबून धरा, नंतर गाडी किलोमीटरभर फिरवून पाणी उडू द्या, आणि त्याच दिवशी तेल द्या. धुऊन तशीच उभी केलेली गाडी सकाळी बघितलीत तर चेनवर तांबूस पूड दिसेल.

आधी बोटे सांभाळा

साफसफाईची रीत सांगण्याआधी एक गोष्ट सांगतो. लेख लिहायला बसलो त्याचे खरे कारण हेच आहे.

गाडी मेन स्टँडवर घ्यायची, इंजिन चालू करून पहिला गियर टाकायचा, मागचे चाक आपोआप फिरत राहते, आणि फिरत्या चेनवर तेलाचे फडके धरायचे. मिनिटात चेन चकचकीत. ही युक्ती गावोगाव चालते. जाणती माणसेही करताना मी बघितली आहेत. दोन हंगामांपूर्वी आमच्या गटातल्या एका सभासदाचा विशीतला मुलगा असाच फडके धरून बसला होता. फडक्याचा सुटा दोरा कडीत अडकला, फडके गेले, आणि फडक्याबरोबर उजव्या हाताची दोन बोटे चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेली. पहिल्या पेरापर्यंत बोटे तुटली. तो पोरगा घरच्या चार म्हशींची धार काढत असे. आता डाव्या हाताने काढतो, आणि दोन म्हशी त्यांनी विकल्या.

"हळूच फिरतीया की, हात काढून घेऊ," असे वाटते. पण पहिल्या गियरमध्ये नुसत्या सावकाश चालीवरसुद्धा चेन सेकंदाला फूटभर तरी सरकते. बोट स्प्रॉकेटपासून वीतभर असेल तर मेंदूला कळून हात मागे येईपर्यंत काम झालेले असते. इंजिनाला बोट आणि चिंधी यांतला फरक कळत नाही. म्हणून चेनला हात लावायचा तर इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि किल्ली काढून खिशात. किल्ली खिशात एवढ्यासाठी की घरातले लहान पोर कधी बटण दाबेल याचा नेम नाही. चाक हाताने फिरवा, तेसुद्धा उलटे. उलटे फिरवले की खालची चेन मागच्या स्प्रॉकेटमधून बाहेर पडत असते, आत शिरत नसते. फडके खालच्या चेनच्या मध्यावर धरा, दातांजवळ नको.

आणि एवढे करूनही कोणाच्या बाबतीत तसा प्रसंग आलाच, तर जखमेत हळद, चहापूड, चुना काहीही भरू नका. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेले बोट सापडले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचे नाही. मग वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जा. वेळेत पोचलेले बोट कधी कधी जोडता येते.

साफ करण्याची रीत

लागणारे सामान घरातच असते. थोडे रॉकेल, ते आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही तेव्हा डिझेल, एक जुना टूथब्रश, एक रंगाचा ब्रश, सुती फडकी आणि खाली ठेवायला पसरट टोपले किंवा कापलेला डबा. पेट्रोल वापरू नका. ते भडकते, आणि वापरण्याची काही गरजही नाही. विडी आधी विझवून मग बसा.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पूर्ण चेनकव्हर असते. त्याला खाली किंवा बाजूला रबरी बूच असते, ते काढून आतली चेन बघता येते आणि तेलही सोडता येते. नीट साफ करायची असेल तर मात्र कव्हरचे बोल्ट काढून ते उघडावे लागते. पावसाळा संपताना एकदा आणि हंगामाच्या मध्यावर एकदा तरी उघडा. आतून किती माती निघते ते बघून तुम्हीच आश्चर्य कराल. पुढच्या स्प्रॉकेटवरचे झाकणही काढा. माती, जुने ग्रीस आणि पाचटाचे धागे यांचा तिथे लगदा बसलेला असतो. तो काडीने उकरून काढा.

ब्रश डिझेलमध्ये बुडवून चेनच्या चारी बाजू घासा. वरची, खालची, आतली, बाहेरची. चाक हाताने थोडे थोडे उलटे फिरवत पुढचा भाग घ्या. डिझेल टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ देऊ नका. टायरवर सांडलेच तर साबणाच्या पाण्याने धुऊन टाका, नाहीतर पहिल्याच वळणावर गाडी घसरेल. घासून झाले की कोरड्या फडक्याने पुसा आणि थोडा वेळ वाळू द्या. ओल्या डिझेलवर तेल घातले तर तेल पातळ होऊन गळते.

तेल कोणते? साध्या चेनला ९० नंबरचे गियर ऑइल चांगले, बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकांतही तेच सांगितलेले असते. ट्रॅक्टरवाल्यांच्या घरी ते असतेच. जाड असल्यामुळे उडत नाही आणि ग्रीससारखे बाहेर अडून बसत नाही. चेनसाठी मिळणारा स्प्रेही चालतो, थोडा महाग पडतो. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे वेगळा, तो वंगण म्हणून वापरू नका.

तेल देण्याची वेळ संध्याकाळची, गाडी बाहेरून आल्यावर. चेन कोमट असते, तेल चटकन आत शिरते. शिलाई मशिनची कुपी असते तसली कुपी घ्या. खालच्या चेनच्या आतल्या बाजूवर, म्हणजे जी बाजू वर तोंड करून असते तिच्यावर, पट्ट्या जिथे एकमेकींना भिडतात त्या फटीत थेंब थेंब सोडा. आधी एका कडेने पूर्ण फेरा, मग दुसऱ्या कडेने. आतून दिलेले तेल चेन फिरताना आपोआप बाहेरच्या बाजूला जाते, म्हणजे सांध्यातून जाते. बाहेरून दिलेले बाहेरच उडून जाते. चाक दहा-वीस वेळा हाताने फिरवा आणि रात्रभर गाडी तशीच राहू द्या. सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचे तेल पुसून काढा. हे पुसणे पुष्कळांना पटत नाही. "घातलेलं तेल पुसायचं व्हय?" असे एका आबांनी मला विचारले होते. होय आबा, पुसायचे. आपले काम करणारे तेल आत गेले, बाहेर उरलेले फक्त माती धरणार आहे.

साधारण ५०० किलोमीटरला एकदा तेल आणि पावसाच्या झडीत किंवा चिखलातून गाडी गेल्यावर लगेच, असे धोरण ठेवा. किलोमीटर कोण मोजत बसणार असे वाटत असेल तर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी चेन बघायची सवय लावा.

काही मोठ्या गाड्यांच्या चेनला पट्ट्यांच्या मध्ये बारीक काळ्या रबरी रिंगा असतात. तिला ओ-रिंग चेन म्हणतात. तिच्या पिनेभोवती कारखान्यातच ग्रीस भरून रिंगांनी बंद केलेले असते. तिच्यावर पेट्रोल, तारेचा ब्रश आणि एचटीपीचा फवारा कधीही नको. रिंग कापली की आतले ग्रीस गेले, आणि ते परत भरता येत नाही. अशी चेन रॉकेलच्या फडक्याने हलकी पुसा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल द्या.

ताण किती ठेवावा

खालची चेन दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून बघा. बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे साधारण इंचभर खेळ लागतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. झिजलेली चेन एका ठिकाणी सैल आणि दुसऱ्या ठिकाणी ताठ लागते. जिथे सर्वांत ताठ असेल तिथे माप धरा.

चेन फार सैल राहिली तर दातांवरून उतरते. उतरून पुढच्या स्प्रॉकेटमध्ये गोळा झाली तर मागचे चाक जागच्या जागी अडकते, इंजिनाचे केसिंग फुटते, आणि चालवणारा ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या पुढे पडला तर पुढचे बोलायलाच नको. पण घट्ट करण्याचाही अतिरेक नको. दोन पिशव्या आणि मागे एक माणूस बसला की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताठ होते. रिकामी असतानाच तारेसारखी ओढून ठेवलेली चेन भाराखाली पुढच्या स्प्रॉकेटचे बेअरिंग खाते किंवा खड्ड्यात तुटते. ओझे वाहणाऱ्याने दोघांना गाडीवर बसवून एकदा खेळ तपासावा. तेव्हाही चेन थोडी तरी हलली पाहिजे.

ताण देताना दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवा, पट्टीवरच्या खुणा जुळवा. एक बाजू पुढे, एक मागे राहिली तर चाक तिरपे बसते आणि दात एका अंगाने झिजतात. चाक मागे गेल्यावर ड्रम ब्रेकची दांडी ओढली जाते आणि ब्रेक घट्ट होतो, हे बरेच जण विसरतात. म्हणून शेवटी मागच्या ब्रेकचा खेळ तपासा. चेनच्या लॉकवरची क्लिपही बघा. वरची चेन पुढे धावते, तेव्हा लॉक वर असताना क्लिपचे बंद तोंड पुढच्या बाजूला हवे. उघडे तोंड पुढे असले तर काही घासून ती निघून जाऊ शकते.

चेनकव्हर वाजते म्हणून काढून ठेवणाऱ्यांनी हे वाचावेच. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्म्याहून कमी नसेल इतका चाकाचा भाग झाकणारे संरक्षण गाडीला असलेच पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमाने घातले आहे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. चेनकव्हर तेच काम चेनच्या बाजूला करते. मागे एका अंगाला बसलेल्या मावशीचा पदर, मुलीची ओढणी, आबांचे धोतर, काहीही त्या चेनमध्ये जाऊ शकते. कव्हर वाजत असेल तर आतून चेन घासते आहे किंवा बोल्ट ढिला आहे. ते दुरुस्त करा, कव्हर काढू नका.

चेन संपली हे कसे ओळखावे? मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा दिसला तर चेनचे आयुष्य झाले. मोजूनच बघायचे असेल तर ४२८ च्या चेनच्या २० कड्या ताणून धरून पिनेपासून पिनेपर्यंत माप घ्या. नव्या चेनचे २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १० इंच भरतात. २५९ च्या वर गेले तर बदला. स्प्रॉकेटचे दात अणकुचीदार किंवा एका अंगाला वाकल्यासारखे दिसले तरी तोच अर्थ. चेन, पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट असा पूर्ण सेट एकदम बदलावा. जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण जुने दात नव्या चेनला थोड्याच महिन्यांत आपल्यासारखी करून सोडतात. सेट घेताना आपल्या जुन्या चेनवरचा आकडा आणि कड्यांची संख्या लिहून न्या. दुकानदार देईल ते घेऊन आलात तर दुसऱ्या फेरीचे पेट्रोल तुमचेच जाईल.

सफाईनंतर टोपल्यात जे काळे डिझेल उरते ते बांधावर, पाटात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्या, तिथे जळके ऑइल नेणारे येत असतात. तेलकट चिंध्याही गोठ्यात किंवा पाचटाच्या ढिगाजवळ टाकून ठेवू नका.